बाळाची गुळणी

गेल्या महिन्यांत एका वाचकांचें पत्र आलें. त्यांच्या घरीं सव्वादोन महिन्यांचा नातू आहे. मूल अंगानें भरलेलें आहे, हसतें, रात्रीं बरें झोंपतें. पण पाजल्यावर प्रत्येक वेळीं थोडेंसें दूध टाकतें, आणि कधीं कधीं तें दह्यासारखें फुटलेलें असतें. यावर घरांत तीन मतें पडलीं आहेत. आजीबाईंच्या मतें दृष्ट लागली आहे. बारशासाठीं येऊन राहिलेल्या आत्याबाईंच्या मतें सुनेचें दूध ‘नासलें’ आहे, सबब तें बंद करून येत्या सोमवारपासून गाईचें दूध पाणी घालून सुरू करावें. मुलाच्या वडिलांचें मत एवढेंच कीं, कांहीं तरी औषध आणावें. सुनेचें मत कोणीं विचारल्याचें पत्रांत दिसत नाहीं. तो सोमवार टळावा म्हणून आम्हीं उत्तर त्याच दिवशीं रवाना केलें. परंतु ही हकीकत एका घरची नाहीं, म्हणून तिचा विचार येथें विस्तारानें करीत आहों.

आम्ही वैद्य नव्हों. आमचें आयुष्य मुलांना विभक्तिप्रत्यय शिकविण्यांत गेलें. पुढें जें लिहिलें आहे तें बालरोगतज्ज्ञांमध्यें आज सर्वमान्य असलेलें आहे. आरंभ मात्र आमच्या संवयीप्रमाणें भाषेपासून करतों. मराठींत ‘मूल दूध टाकतें’ असें म्हणतात, आणि ‘मुलाला ओकारी झाली’ असेंही म्हणतात. पहिल्या वाक्यांत मूल कर्ता आहे, त्याचें कांहीं बिघडलेलें नाहीं. दुसऱ्यांत तें चतुर्थींत गेलें, म्हणजे त्याच्यावर कांहीं तरी ओढवलें आहे. घरांतील बायकांनीं हा भेद व्याकरण न शिकतां केला, आणि डॉक्टर लोक नेमका हाच भेद करतात. गुळणींत दूध ओठांच्या कडेनें ओघळतें किंवा ढेकरेबरोबर घोटभर बाहेर येतें. पोट आवळत नाहीं, चेहरा पिळवटत नाहीं, आणि तोंड पुसलें कीं मूल पूर्ववत् खेळूं लागतें. ओकारींत पोटाचे स्नायू जोर करतात, मूल कासावीस होतें, रडतें, त्याचा रंग उतरतो. (संस्कृतांत ढेकरेला ‘उद्गार’ म्हणतात. तोच शब्द आपण मराठींत थोर पुरुषांच्या भाषणास लावतों, हा भाषेचा एक विनोदच होय.)

आतां दूध वर येतें कां? अन्ननलिका जेथें जठरास मिळते तेथें स्नायूंचें एक वळें असतें. घोट खालीं उतरतांना तें सैल होतें आणि मग बटव्याच्या नाडीप्रमाणें आवळून बसतें. तान्ह्या मुलांत ही नाडी गिळण्याचें कारण नसतांनाही वारंवार क्षणभर सैल पडते. त्यांत अन्ननलिका आंखूड, जठर लहान, आहार सर्वस्वीं पातळ, आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवें पडून राहणें. पाण्यानें भरलेला तांब्या आडवा ठेवून त्यांतून थेंब सांडूं नये अशी अपेक्षा आपण करीत नाहीं. शिवाय मुलाच्या आहाराचें प्रमाणही आपण ध्यानांत घेत नाहीं. पहिल्या कांहीं महिन्यांत मूल दर किलो वजनामागें दिवसाला सुमारें १५० मिलिलिटर दूध पितें. पांच किलोचें मूल असेल तर पाऊण लिटर. हेंच प्रमाण साठ किलोच्या गृहस्थास लावलें तर त्यास रोज नऊ लिटर दूध प्यावें लागेल, आणि पिऊन लागलीच निजावें लागेल. अशा गृहस्थानें चार घोट उपरण्यावर सांडले तर त्याची दृष्ट कोणी काढणार नाहीं.

ही गोष्ट किती मुलांत आढळते? अमेरिकेंत शिकागोच्या परिसरांत ९४८ निरोगी तान्ह्या मुलांच्या मातापित्यांस विचारून केलेली एक पाहणी १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांच्या आंतील सुमारें निम्मीं मुलें दिवसांतून एकदां तरी दूध टाकीत. चौथ्या महिन्यांत हें प्रमाण शेंकडा ६७ वर गेलें. आणि दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत तें अवघें शेंकडा ५ उरलें. म्हणजे चार महिन्यांचीं तीन मुलें एकत्र निजविलीं तर त्यांतील दोन तरी गुळणी टाकणारींच निघावयाचीं. तिसरा महिना संपून चौथा लागतांना गुळण्या वाढल्या म्हणून घाबरणाऱ्या आईस हें आधीं सांगून ठेवलेलें बरें. आपल्या वैद्यकानें मुलांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे भाग पाडले आहेत; क्षीरपाचा क्षीरान्नाद होऊं लागला, म्हणजे उष्टावण होऊन मूल बसूं लागलें, कीं गुळण्या आपोआप विरळ होतात आणि वर्षाच्या सुमारास बहुधा थांबतात.

टाकलेल्या दुधाच्या प्रमाणाविषयीं घरोघर अतिशयोक्ति चालते. ‘प्यालें तें सगळें टाकलें’ हें वाक्य आम्हीं आमच्या माजघरांतही ऐकलें, तेव्हां संध्येच्या पळीनें दोन पळ्या दूध घडी घातलेल्या लंगोटावर ओतून पाहिलें. तळहाताहून मोठा डाग पडला. नात त्या वेळीं आजीच्या मांडीवर होती; तिच्या लाळेऱ्यावरचा डाग याहून लहान निघाला. हा प्रयोग ज्यांस शंका असेल त्यांनीं अवश्य करावा. त्यास दोन पळ्या दुधापलीकडे खर्च नाहीं.

आतां ‘नासलेल्या’ दुधाचा मुद्दा, कारण यापायीं खरें नुकसान होतें. जठरांत आम्लरस असतो. दूध त्यांत कांहीं वेळ राहिलें कीं फुटतें. तें फुटणें हेंच पचनाचें पहिलें पाऊल होय. पाजल्याबरोबर टाकलेलें दूध पांढरें पातळ असतें, अर्ध्या तासानें टाकलेलें दह्यासारखें. त्यावरून मुलाच्या जठराचें काम सुरू झालें एवढेंच सिद्ध होतें. आईच्या दुधाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. यावर कोणी म्हणेल कीं, आपल्या ग्रंथांतच स्तन्यदुष्टीचें प्रकरण आहे. आहे, खरें. परंतु त्या ग्रंथकारांनीं स्तन्याची परीक्षा तें पाण्यांत टाकून करावयास सांगितली आहे: शुद्ध दूध पाण्यांत एकरूप होतें, तंतु सुटत नाहींत. ही परीक्षा लाळेऱ्यावर पडलेल्या दुधाची नव्हे.

आणि त्या दोषाचा परिणाम काय होतो तेंही पाहावें. प्रथम बाळंतिणीच्या ताटांतून एकेक पदार्थ काढला जातो. आज डाळ, उद्यां भाजी, परवां ताक. ती बिचारी अर्धपोटीं राहते. मग वरचें दूध सुरू होतें. मूल कमी चोखूं लागलें कीं आईचें दूध कमी होतें, आणि पंधरा दिवसांनीं ‘बघा, हिला दूधच नाहीं’ असा निकाल लागतो. सहा महिन्यांच्या आंतील मुलास गाईचें दूध सोसत नाहीं: त्यांत लोह अपुरें, प्रथिनें व क्षार इतके कीं लहान मूत्रपिंडांवर भार पडावा, कांहींच्या आंतड्यांतून त्यामुळें सूक्ष्म रक्तस्रावही होतो. पाणी घातलें तर पोषण तेवढें घटतें, आणि भांड्यांतून व पाण्यांतून जुलाब घरांत येतो तो निराळाच. इतका उपद्व्याप दोन पळ्या दुधासाठीं! सहा महिने केवळ आईचें दूध, पाण्याचा घोटही नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला गुळणी टाकणाऱ्या मुलासही जसाच्या तसा लागू आहे.

मग मुलाचें पोषण होत आहे कीं नाहीं हें ओळखावें कसें? लाळेरें पाहूं नये. लंगोट आणि तराजू पाहावा. पहिला आठवडा सरल्यावर दिवसांत सहा किंवा अधिक वेळां मूल लघवी करीत असेल, जन्माचें वजन दोन आठवड्यांत भरून आलें असेल, आणि पुढें पहिले तीन महिने दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅमनें वाढत असेल, तर तें कितीही गुळण्या टाको, त्यास पुरेसें मिळत आहे. वजन रोज करूं नये, त्यानें चिंताच वाढते. लस टोंचावयास नेतांना तेथील तराजूवर करून कार्डावर नोंदवून घ्यावें. सासूसुनांच्या वादांत त्या कार्डाइतका निःपक्षपाती पंच दुसरा नाहीं.

येथवर आम्हीं धीर दिला. आतां भीति घालणें भाग आहे, कारण ओकारीचे कांहीं प्रकार असे आहेत कीं तेथें धीर धरणें हाच घात.

मूल हिरवें ओकलें, पोपटी किंवा पाल्यासारखें गर्द, तर तें पित्त होय, आणि आंतड्यास पीळ पडल्याची शंका घ्यावी लागते. पीळ पडलेल्या आंतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि थोड्या तासांत तें मरूं लागतें. अशा वेळीं काढा, गुटी, ओळखीच्या डॉक्टरांची वाट, सकाळ होण्याची वाट, यांतील कांहींही न करतां जेथें लहान मुलांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयांत मूल न्यावें. मीठमोहऱ्या ओवाळून टाकण्यास आमची हरकत नाहीं. पण त्या गाडी दाराशीं येईतोंच.

दुसरा प्रकार जरा फसवा आहे. दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान, मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक, विशेषतः पहिल्या मुलग्यांत, जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट अडते. दूध ओघळत नाहीं, पिचकारीसारखें दूर उडतें. आणि ओकून झाल्याबरोबर मूल पुन्हां भुकेनें रडतें. प्रत्येक पाजण्यानंतर असें होऊं लागतें, वजन थांबतें, मग उतरतें. पूर्वीं अशीं पुष्कळ मुलें दगावत. राम्श्टेट या जर्मन शस्त्रवैद्यानें तो स्नायू उभा चिरून वाट मोकळी करण्याची रीत काढली व १९१२ सालीं ती प्रसिद्ध केली. तीच शस्त्रक्रिया मूलतः आजही करतात, आणि मूल थोड्याच दिवसांत घरीं येतें. सोनोग्राफीनें निदान सहज होतें. वेळेवर नेलें पाहिजे इतकेंच.

याखेरीज ओकारींत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखें कांहीं दिसणें (आईचें स्तनाग्र चिरलें असतां त्यांतील रक्तही मुलाच्या पोटांत जातें, पण तो निर्णय डॉक्टरांनीं करावा), ताप, पोट फुगून ताठ होणें, शौचांत रक्त, पितांना निळें पडणें किंवा श्वास अडकणें, दूध पिण्यास सतत नकार, मूल निपचित पडणें, लघवी कमी होणें, हीं लक्षणें दिसतांच दाखवावें. टाळूकडे वृद्ध स्त्रिया लक्ष ठेवतात तें योग्यच आहे. टाळू खोल गेली तर अंगांतील पाणी कमी झालें आहे, आणि फुगून वर आली तर मेंदूची तपासणी हवी. दोहोंवरही तेल भरणें हा उपाय नव्हे. सहा महिन्यांपर्यंत न टाकणारें मूल त्यानंतर नव्यानें टाकूं लागलें, किंवा वर्ष उलटूनही गुळण्या चालूच राहिल्या, तरीही विचारावें. कांहीं थोड्या मुलांस गाईच्या दुधांतील प्रथिन सोसत नाहीं आणि तें आईच्या आहारांतून त्यांच्यापर्यंत पोंचतें. तेथें आईनें दूधदुभतें कांहीं आठवडे सोडून पाहावें लागतें, पण डॉक्टरांनीं सांगितल्यावर, आत्याबाईंनीं सांगितल्यावर नव्हे.

निरोगी मुलाच्या गुळण्या पूर्णपणें थांबविण्याचा उपाय नाहीं. कमी करण्याचे आहेत, आणि ते बहुतेक दिनक्रमांतले आहेत. आपल्याकडे न्हाऊ घालणारी बाई येते ती तिच्या सोयीनें. मूल रडूं नये म्हणून त्यास आधीं पोटभर पाजतात, आणि मग पायांवर पालथें घालून पाठ रगडतात, गुडघे पोटावर दाबतात. दूध बाहेर येणारच! आधीं तेल व अंघोळ, मग पाजणें, हा क्रम ठेवावा. न्हाण्यानंतर ओव्याची धुरी देतात ती मात्र मुलाच्या नाकाघशास बोंचते, ती सोडावी. तंबाखूच्या धुरानें तर गुळण्या वाढतातच, तेव्हां विडी-सिगारेट ओढणाऱ्यानें तान्ह्याच्या घरांत ती ओढूंच नये.

मूल भुकेनें आक्रोश करूं लागण्यापूर्वींच पाजावें. रडणारें मूल दुधाबरोबर वाराही गिळतें. पितांना त्याचें डोकें पोटापेक्षां उंच असावें, आणि स्तनाग्रच नव्हे तर त्याभोंवतींचा काळा भागही बराचसा तोंडांत असावा. एका वेळीं खूप पाजण्यापेक्षां थोडें थोडें पण अधिक वेळां पाजणें चांगलें, आणि मुलानें तोंड फिरविलें कीं थांबावें. बोंडल्यानें किंवा बाटलीनें पाजणाऱ्या घरीं हा नियम विशेष मोडतो, कारण भांड्यांत उरलेलें दूध आजीस पाहवत नाहीं. वरचें दूध डॉक्टरांनीं सांगितलेंच असेल तर वाटीचमच्यानें सावकाश द्यावें. भुकटी कालवल्यावरचा फेंस निवूं द्यावा. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटें मूल खांद्याशीं उभें धरावें. लगेच पाळण्यांत घालून झोंके देऊं नयेत, लंगोटाची गांठ पोटावर आवळूं नये, आणि पाठ वांकवून अर्धवट बसतें करणाऱ्या खुर्च्यांत घालूं नये, त्यानें पोट दबतें. एकत्र कुटुंबाचा खरा फायदा येथें होतो: मूल उभें धरावयास घरांत रिकामे हात असतात. आजोबांनीं वर्तमानपत्र बाजूस ठेवून हें काम आपणाकडे घ्यावें. बाळंतिणीस तेवढी पाठ टेंकतां येते.

ढेकर काढण्याविषयीं एक नवल सांगावयाचें आहे. चंडीगढ येथें ७१ माता व त्यांचीं बालकें यांवर एक पद्धतशीर प्रयोग झाला. तो २०१५ सालीं प्रसिद्ध आहे. ढेकर काढल्यानें मुलांचें रडणें लक्षणीय कमी झालें नाहीं, आणि गुळण्या तर उलट वाढल्या. एका प्रयोगानें शेंकडों वर्षांची रीत मोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण पाठीवर थापट्या मारमारून ‘ढेकर आल्याशिवाय खालीं ठेवणार नाहीं’ हा हट्ट सोडण्यास तो पुरेसा आहे. उभें धरलें असतां आला तर आला.

गुटीविषयीं लिहिलें कीं पत्रें येतात, तरी लिहितों. सहाणेवर वेखंडाचे वेढे किती द्यावे हें प्रत्येक घरीं निराळें असतें. सुश्रुतानें वमनद्रव्यांची जी यादी दिली आहे तींत वचा, म्हणजे हेंच वेखंड, आहे. ओकारी थांबावी म्हणून आपण ओकारीचें द्रव्य उगाळतों, हें गुटीच्या अभिमान्यांनीं लक्षांत घ्यावें. तींत मध घालतात तो एक वर्षाच्या आंतील मुलास मुळींच देऊं नये. मधांतून क्वचित् एका जंतूचे बीज जातें आणि मुलाचे स्नायू लुळे पडतात. ग्राइप वॉटर इंग्लंडांत वुडवर्ड या औषधविक्रेत्यानें १८५१ मध्यें काढलें; मुलें तें घेऊन शांत होत याचें एक कारण पूर्वीं त्यांत मद्यार्क असे. पुढें तो काढून टाकण्यांत आला. गुळणीवर त्याचा उपयोग नाहीं. आम्ल कमी करणारीं औषधेंही हसत्याखेळत्या मुलास कामाचीं नाहींत, आणि दुधांत तांदळाची पेज घालून तें दाट करणें डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून करूं नये.

निजविण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मूल झोंपेंत दूध टाकील आणि तें श्वासांत जाईल या भीतीनें त्यास कुशीवर किंवा पालथें निजवितात. मूल उताणेंच निजवावें. उताण्या मुलांत श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खालीं असते. वर आलेल्या दुधास श्वासनलिकेंत शिरण्यासाठीं चढावें लागतें. पालथ्या मुलांत हीच रचना उलटते. अमेरिकेंत १९९२ सालापासून बालरोगतज्ज्ञांनीं मुलें पालथीं न निजविण्याचा उपदेश सुरू केला आणि पुढील दहाएक वर्षांत झोंपेंत अकस्मात् होणारे बालमृत्यु निम्म्याहून कमी झाले. उतरंड करण्यासाठीं डोक्याखालीं उशी, मग ती मोहरीची का असेना, घालूं नये. बिछाना सपाट व घट्ट असावा. जागेपणीं, कोणी समोर असतां, मूल पालथें खेळविणें मात्र चांगलें. दूध नाकांतून आलें तर घाबरूं नये, नाक व घसा आंतून एकच आहेत. मूल कुशीवर वळवावें, तोंड पुसावें. पाय धरून उलटें करणें किंवा नाकांत फुंकर मारणें हे अघोरी प्रकार करूं नयेत.

राहतां राहिले कपडे. दुधाचा डाग गरम पाण्यांत टाकला तर त्यांतील प्रथिन धाग्यांत बसतें आणि वास जात नाहीं. आधीं गार पाण्यांत भिजवावें, मग साबण, आणि कडक ऊन. मुलाच्या मानेच्या वळ्यांत ओघळलेलें दूध राहून तेथली कातडी लाल होते व आंबूस वास येतो, तोच वास पुष्कळदां ‘पोट बिघडल्याचा’ समजला जातो. त्या वळ्या दिवसांतून दोन-तीनदां ओल्या मऊ फडक्यानें पुसून कोरड्या कराव्या. पावडर टाकूं नये, ती तेथें साचून कातडी अधिक घांसते.